किलार्नी रेसकोर्स आणि तिथले फेस्टिवल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये राहणारी मराठी मंडळी आणि सुट्टीत तिकडे जाणारे पाहुणे किलार्नीच्या घोड्यांच्या शर्यतींबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पैज कशी लावायची यापेक्षा शर्यत कशी बघायची यावर जास्त लिहिलं आहे, कारण किलार्नीला जाण्याचं खरं कारण तेच आहे.

किलार्नीचं रेसकोर्स नेमकं कुठे आहे?

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, काउंटी केरीत. किलार्नी हे पर्यटकांचं गाव, आणि गावातून रॉस कासलकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे रेसकोर्स आहे. बाजारपेठेतून रमतगमत चाललं तरी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला किलार्नी राष्ट्रीय उद्यानाची झाडी, पलीकडे लॉख लेन हा मोठा तलाव आणि त्यामागे मॅकगिलिकडीज रीक्सची डोंगररांग. आयर्लंडचं सर्वोच्च शिखर कॅराउंटूहिल याच रांगेत आहे. त्याची उंची सुमारे १,०३९ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही, पण हे डोंगर समुद्राच्या अगदी जवळून थेट उठतात, त्यामुळे ते आकड्यापेक्षा बरेच उंच दिसतात.

आयर्लंडमधलं सर्वांत देखणं रेसकोर्स म्हणून त्याचं नाव घेतात. खरंच तसं आहे का?

आयर्लंड बेटावर पंचवीसच्या आसपास रेसकोर्स आहेत, त्यातली दोन उत्तर आयर्लंडमध्ये. देखणेपणात स्पर्धा आहेच. लेटाउनला वर्षातून एकदा ओहोटीच्या वेळी समुद्राच्या वाळूवर शर्यती होतात, स्लायगोला बेनबल्बेन डोंगराचा सपाट माथा समोर दिसतो, ट्रामोर समुद्राच्या वर टेकडीवर आहे. तरीही माझं मत किलार्नीलाच. इतर ठिकाणी देखावा तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असतो. इथे स्टँडमध्ये बसलं की घोडे, झाडी आणि डोंगर एकाच नजरेत येतात. घोडे पलीकडच्या बाजूला लांब गेले की त्यांचे पाय दिसेनासे होतात, फक्त जॉकींच्या रंगीत टोप्या हिरव्या-निळ्या पडद्यावरून सरकताना दिसतात. तेव्हा पैज लावलेली माणसंसुद्धा क्षणभर आपला घोडा सोडून डोंगराकडे बघतात.

हे रेसकोर्स किती जुनं आहे?

किलार्नीत शर्यतींची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, मधल्या काळात ती खंडितही झाली. सध्याच्या जागी १९३६ पासून शर्यती होतात. योगायोग असा की गावातलं फिट्झगेराल्ड स्टेडियम, म्हणजे केरीकरांच्या गेलिक फुटबॉलचं (आयर्लंडच्या स्वतःच्या फुटबॉलचं) देवस्थान, तेही १९३६ मध्येच सुरू झालं. त्याआधी चार वर्षं, १९३२ मध्ये, मक्रॉसची जहागीर देशाला भेट मिळाली आणि तिथून आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. आज किलार्नीला ज्या तीन गोष्टींसाठी लोक येतात, त्या तिन्ही अशा एकाच दशकातल्या आहेत.

फेस्टिवल कधी असतात आणि त्यातला कोणता निवडावा?

मुख्य फेस्टिवल तीन. मे महिन्याच्या मध्याला एक, जुलैच्या मध्याला सर्वांत मोठा, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात तिसरा. जुलैचा साधारण पाच दिवस चालतो, बाकीचे त्याहून लहान. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघूनच घ्या.

पहिल्यांदा जात असाल तर जुलै, आणि तोही आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. जुलैच्या मध्याला तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळच्या शर्यती पाचच्या आसपास सुरू होतात, शेवटची शर्यत झाली तरी लख्ख उजेड असतो. दिवसभर तलावाकाठी फिरा, संध्याकाळी रेसकोर्सवर या, मग चालत गावात जेवायला जा. गाडीची गरजच नाही.

मे महिन्यात गर्दी कमी, डोंगर नुकते हिरवे झालेले, आणि उड्यांच्या शर्यती चांगल्या दर्जाच्या. ज्याला घोडे बघायचे आहेत त्याने मे निवडावा. ऑगस्टमध्ये गावात कुटुंबांची झुंबड असते, हॉटेलांचे दरही चढे. पण त्याच महिन्याच्या १० ते १२ तारखांना जवळच्या किलॉरग्लिन गावात पक फेअर भरते. जंगली बोकडाला मुकुट घालून राजा करणारी ही जत्रा आयर्लंडमधल्या सर्वांत जुन्या जत्रांपैकी एक आहे, आणि तिचा पहिला दिवस घोड्यांच्या बाजाराचा असतो. आपल्याकडच्या सारंगखेड्याचा घोडेबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथला सौदा लगेच कळेल.

धावपट्टी कशी आहे?

डाव्या हाताला वळणारी, लंबगोल, बऱ्यापैकी सपाट, सगळी गवताची. एक फेरी साधारण नऊ फर्लांगांची, म्हणजे सुमारे १,८०० मीटर. म्हणून दोन मैलांच्या शर्यतीत घोडे स्टँडसमोरून एकदा जातात आणि शेवटाला पुन्हा येतात. नवख्या प्रेक्षकासाठी हे फार सोयीचं आहे, कारण पहिल्या वेळी आपला घोडा ओळखून ठेवता येतो.

फ्लॅट, हर्डल, चेस, बंपर: हे सगळं काय आहे?

मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्यात ज्यांनी रेस पाहिली आहे, त्यांनी पाहिली ती फ्लॅट रेस: मध्ये अडथळा नाही, नुसता वेग. आयर्लंडचा जीव मात्र उड्यांच्या शर्यतींत आहे. किलार्नीत दोन्ही प्रकार होतात, कधी कधी एकाच फेस्टिवलमध्ये लागोपाठच्या दिवशी.

हर्डल म्हणजे वाकणाऱ्या, हलक्या अडथळ्यांवरून उड्या. अडथळ्याची उंची साधारण साडेतीन फूट. चेस म्हणजे घट्ट बांधलेली, किमान साडेचार फुटी कुंपणं. ती घोड्याच्या चुकीला माफ करत नाहीत. चेसमधले घोडे वयाने मोठे असतात. सहा-सात वर्षांचा घोडा तिथे तरुण मानला जातो, तर फ्लॅटमध्ये दोन वर्षांची शिंगरंसुद्धा पळतात. बंपर ही उड्यांच्या घोड्यांची उड्यांविना शिकाऊ शर्यत. पुढे मोठं नाव काढणारा घोडा लोकांच्या नजरेस पहिल्यांदा तिथेच पडतो, म्हणून जाणकार शेवटच्या बंपरपर्यंत थांबतात. तुम्हीही थांबा.

उड्यांच्या शर्यतीचं मूळही इथून फार लांब नाही. १७५२ मध्ये शेजारच्या काउंटी कॉर्कमध्ये कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेतली कुंपणं, भिंती, ओढे ओलांडत सुमारे चार मैल घोडे पळवले, असं परंपरेने सांगितलं जातं. चर्चचा मनोरा दुरून दिसायचा, म्हणून तीच खूण. याच टापूतल्या चर्चटाउन गावी व्हिन्सेंट ओ'ब्रायन जन्मला. त्याने तयार केलेल्या घोड्यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षं ग्रँड नॅशनल, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत प्रसिद्ध उड्यांची शर्यत, जिंकली. मग तो फ्लॅटकडे वळला, आणि १९७० मध्ये त्याच्या निजिन्स्कीने इंग्लंडचा तिहेरी मुकुट, म्हणजे फ्लॅटच्या तीन मानाच्या शर्यती एकाच वर्षी, मिळवला. हा पल्ला दुसऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाने गाठलेला नाही.

किलार्नीतल्या नावाजलेल्या शर्यती कोणत्या?

खरं सांगायचं तर कुराहच्या डर्बीसारखी किंवा पंचेस्टाउनच्या मोठ्या चेससारखी शर्यत इथे होत नाही. मे महिन्यातली अन रीअक्त चेस ही तिसऱ्या श्रेणीची. जुलैमधली केर्न रूज स्टेक्स ही घोड्यांच्या मादींसाठीची एक मैलाची लिस्टेड (म्हणजे श्रेणीच्या शर्यतींहून एक पायरी खालची) शर्यत, तर ऑगस्टमध्ये रूबी स्टेक्स, तीही लिस्टेड. केर्न रूज ही १९८० सालची घोडी: त्या एका वर्षात तिने आयर्लंडची वन थाउजंड गिनीज, रॉयल ॲस्कॉटची कॉरोनेशन स्टेक्स आणि न्यूमार्केटची चॅम्पियन स्टेक्स अशा तीन मोठ्या शर्यती मारल्या.

बाकी कार्यक्रम हँडिकॅप आणि नवख्या घोड्यांच्या शर्यतींचा. यात कमीपणा नाही. देशातले पहिल्या फळीतले प्रशिक्षक आपल्या पागेतले घोडे इथे पाठवतात, आणि त्याच शर्यतीत केरीतल्या एखाद्या शेतकऱ्याचा एकुलता एक घोडाही उतरतो. तो जिंकला तर कुंपणापाशी जो जल्लोष होतो, तो मोठ्या शर्यतींत ऐकायला मिळत नाही.

हँडिकॅप म्हणजे काय?

चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी. सगळे एका ओळीत पोहोचावेत हा हेतू. रेसबुकात, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या पुस्तिकेत, वजन स्टोन आणि पौंडांत लिहितात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, सुमारे ६.३५ किलो. ११-४ असं दिसलं तर ११ स्टोन ४ पौंड, म्हणजे साधारण ७२ किलो. यात जॉकी आणि खोगीर दोन्ही आले.

शर्यतीआधी काय बघायचं?

या प्रश्नाचं उत्तर सर्वांत लांब आहे, कारण बहुतेक पाहुणे हीच गोष्ट सोडतात. ते बारपाशी उभे राहतात, स्क्रीनवर बघतात आणि तिकीट काढायला धावतात. त्याऐवजी दर शर्यतीआधी पॅरेड रिंगच्या कठड्याला टेकून उभे राहा. मोतद्दार घोड्यांना लगाम धरून गोल फिरवतात. तुमच्यात आणि घोड्यात दोन-चार हातांचं अंतर असतं.

आधी चाल बघा. मोकळ्या चालीचा घोडा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे टाकतो. आखडून चालणारा, पावलं छोटी टाकणारा घोडा बिनसलेला असू शकतो. मग अंग बघा. खरारा नीट झालेली, आतून निरोगी असलेली कातडी उन्हात चमकते, बरगड्या पुसटशा दिसतात, मागच्या मांड्या भरलेल्या असतात. मानेवर आणि दोन मांड्यांमध्ये पांढरा फेस येत असेल तर घोडा घाबरून शर्यतीआधीच दमतो आहे. थंड संध्याकाळी हे जास्त खटकावं, उकाड्यात कमी. कान बघा: पुढे-मागे हलणारे कान म्हणजे घोड्याचं आजूबाजूला लक्ष आहे, सतत मागे चिकटवलेले कान म्हणजे तो वैतागला आहे.

फ्लॅटचे घोडे सडपातळ आणि चपळ असतात. त्यांच्यानंतर चेसचे घोडे रिंगमध्ये आले की फरक लगेच कळतो. उंच, रुंद छातीचे, गुडघ्यांवर जुन्या खुणा असलेले, आणि गर्दीची सवय झाल्यामुळे शांत. मला हे घोडे जास्त आवडतात. पाच-सहा हंगाम पळालेला घोडा रिंगमध्ये येतो तेव्हा कठड्याशी उभे असलेले लोक त्याला नावाने ओळखतात, गेल्या वर्षी तो कुठल्या कुंपणाला अडखळला तेही त्यांना आठवतं.

जॉकी वर बसले की रिंगमधून निघून धावपट्टीकडे चला, आणि घोडे सुरुवातीच्या जागेकडे हलक्या दौडीत जाताना बघा. गवतावर त्यांची पावलं कशी पडतात हे इथेच कळतं.

जमिनीबद्दल सारखं बोलतात ते काय?

गवताखालची माती किती कडक किंवा ओली आहे त्यावरून शर्यत फिरते. कडकपासून चिखलापर्यंत क्रम असा: फर्म, गुड टू फर्म, गुड, यील्डिंग, सॉफ्ट, हेवी. यील्डिंग ही पायरी खास आयर्लंडची, जमीन दाबली की थोडी आत जाणारी. केरीवर अटलांटिकचा वारा थेट येतो आणि डोंगरांवर आदळून पाऊस टाकतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही सकाळी गुड असलेली जमीन संध्याकाळपर्यंत यील्डिंग होऊ शकते. रेसबुकात प्रत्येक घोड्याची आधीची कामगिरी कोणत्या जमिनीवर झाली ते लिहिलेलं असतं. एवढी एक ओळ वाचलीत तरी बरंच कळेल.

पैज लावायलाच हवी का? लावायची तर कशी?

अजिबात नाही. नुसतं बघायला येणारे पुष्कळ असतात. लावायची असेल तर दोन मार्ग. पहिला टोट: सगळ्यांचे पैसे एका कुंडात जमतात आणि जिंकणाऱ्यांत वाटले जातात, महालक्ष्मीच्या टोटसारखंच. दुसरा, ओळीने उभे असलेले बुकी. त्यांच्या फळ्यावर ५/१ असं लिहिलं असेल तर एका युरोला पाच युरो नफा, शिवाय तुमचा युरो परत. वेगवेगळ्या बुकींकडे एकाच घोड्याचा भाव वेगळा असतो, म्हणून पूर्ण ओळ फिरून मग लावा. ईच-वे म्हणजे अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर, त्यामुळे १० युरोचं ईच-वे लावलं तर खिशातून २० जातात. वयाची अट १८ वर्षं.

शर्यत संपताच तिकीट फेकू नका. जॉकी खोगिरासकट पुन्हा वजनाला बसतात, काही तक्रार असेल तर पंच ऐकतात, आणि अधिकृत घोषणा झाल्यावरच निकाल पक्का होतो.

घरातून निघताना ठरवलेली रक्कम संपली की थांबा. पैज हातातून सुटत चालली आहे असं वाटलं तर रेसकोर्सवर न जाणं हाच उपाय, आणि जवळच्या माणसाशी बोलणं.

कपडे कसे घालावेत?

साध्या तिकिटावर येणाऱ्यांना पोशाखाची सक्ती नसते. जेवणाच्या खास दालनांत मात्र थोडं नीटनेटकं अपेक्षित असतं. फेस्टिवलमधला एक दिवस लेडीज डे असतो, टोप्या आणि भडक रंगांचा. त्या दिवशी पैठणी किंवा इरकल नेसून जायला काहीच हरकत नाही, उलट लोक थांबून कौतुक करतात. फक्त पायात टाचांच्या चपला नकोत, गवतात रुततात. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, छत्रीने मागच्याला काही दिसत नाही.

लहान मुलांना नेता येतं का? शाकाहारी जेवण मिळतं का?

मुलांना जरूर न्या. मोठ्यांबरोबर आलेल्या मुलांना सहसा तिकीट लागत नाही. जेवणात शाकाहाऱ्यांना चिप्स, चीज सँडविच, केक एवढ्यावर भागवावं लागतं. गावात भारतीय हॉटेलं आहेत, पोटभर जेवण तिथे करा.

किलार्नीला पोहोचायचं कसं? व्हिसाचं काय?

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून रेल्वेने साधारण सव्वातीन तास, बऱ्याचदा मॅलोला गाडी बदलून. फॅरनफोरचा केरी विमानतळ सर्वांत जवळ, सुमारे १५ किलोमीटरवर. कॉर्कहून रस्त्याने दीड तासाच्या आसपास.

भारतीय पासपोर्ट असेल तर लक्षात ठेवा: आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळत नाही. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक सामाईक योजना आहे. तुमच्या ब्रिटनच्या अल्पकालीन व्हिसावर त्या योजनेचा शेरा असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंडलाही जाता येतं, मात्र आधी ब्रिटनमध्ये उतरायला हवं. नियम बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघा.

फेस्टिवलच्या आठवड्यातली खोली काही महिने आधीच ठरवा. गावात जागा नसेल तर ट्रली किंवा किलॉरग्लिन बघा.

केरीत अजून कुठे शर्यती बघता येतात?

केरी घोड्यांचंच काउंटी आहे. लिस्टोवेलला सप्टेंबरमध्ये हंगामाच्या सुगीला आठवडाभराचा फेस्टिवल होतो. तिथे १८५८ पासून शर्यती आहेत आणि शेतीची कामं उरकलेले लोक जत्रेला यावेत तसे येतात. किलार्नीत पाहुणे जास्त, लिस्टोवेलमध्ये केरीकर जास्त. दोन्ही बघावेत. ट्रलीचं बॅलीबेगन रेसकोर्स २००८ मध्ये बंद झालं, ही केरीकरांना अजून टोचणारी गोष्ट आहे. ऑगस्टमध्ये डिंगलला आणि ग्लेनबेजवळच्या रॉसबेच्या वाळूवर पोनींच्या शर्यती होतात. तिथे बारा-तेरा वर्षांची पोरं खोगिरावर असतात, आणि आयर्लंडच्या कित्येक जॉकींची सुरुवात अशाच शर्यतींत झाली आहे.

किलार्नीने कोणते जॉकी दिले?

जिम कलोटी इथलाच. बेस्ट मेटवर त्याने २००२, २००३, २००४ अशी सलग तीन वर्षं चेल्टनहॅम गोल्ड कप, ही इंग्लंडमधली सर्वांत मानाची चेस, जिंकला, शिवाय २००२ मध्येच बिंडारीवर ग्रँड नॅशनल. पुढे प्रशिक्षक म्हणून २०१४ मध्ये त्याच्या लॉर्ड विंडरमियरने पुन्हा गोल्ड कप आणला. त्याचा भाचा ओशीन मर्फी, तोही किलार्नीचा, २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये ब्रिटनचा फ्लॅट चॅम्पियन जॉकी झाला, आणि २०२४ मध्ये पुन्हा.

घोड्यांना इजा होते का?

होते. उड्यांच्या शर्यतीत घोडे पडतात, आणि काही मरतात. हे लपवून कोणी तुम्हाला या खेळाचं कौतुक सांगत असेल तर ते अर्धवट आहे. आयर्लंडमध्ये नियमनाचं काम हॉर्सरेसिंग रेग्युलेटरी बोर्ड बघतं. शर्यतींच्या प्रत्येक दिवशी पशुवैद्य हजर असतात, चाबूक किती वापरायचा यावर मर्यादा आहे, ती मोडणाऱ्या जॉकीला शिक्षा होते. जमीन फार कडक झाली तर जाणते प्रशिक्षक घोडा मागे घेतात, आणि त्या निर्णयाला मी जिंकण्याइतकंच मानतो. तरीही पडलेला घोडा बघवत नसेल तर फ्लॅटचा दिवस निवडा. मुलं बरोबर असतील तर हाच सल्ला.

सकाळच्या वेळात काय करावं?

रॉस कासल पंधराव्या शतकातला. तिथून होडीने इनिसफॉलन बेटावर जा, जुन्या मठाचे अवशेष आहेत. उद्यानात आयर्लंडमधल्या मूळच्या लाल हरणांचा एकमेव कळप आहे, भल्या सकाळी मक्रॉसच्या कुरणांत दिसतो. गावातून टांगे सुटतात. त्यांचे गाडीवान पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा करतात, आणि फेस्टिवलच्या आठवड्यात त्यांच्याशी घोड्यांविषयी बोलत बसणं हा वेगळाच आनंद आहे. टांग्याचा दर बसण्याआधी ठरवा.

पावसामुळे शर्यती रद्द होतात का?

नुसत्या सरींनी नाही. धावपट्टीवर पाणी साचलं तर सकाळी पाहणी होते आणि निर्णय जाहीर होतो, म्हणून हवा खराब असेल तर निघण्याआधी रेसकोर्सची घोषणा बघा. काही वेळा फक्त एखाद-दोन शर्यती गाळतात किंवा वळणावरची पट्टी आत सरकवतात. पैसे परत मिळण्याच्या अटी तिकिटावर छापलेल्या असतात.